माळवदाचे ओझे

दिनांक ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून किल्लारीकर निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. हैदराबादेतही धक्का जाणवला. मांडणीवरची भांडी वाजली, आम्ही उठलो आणि पुन्हा निजलो. सकाळी किल्लारीचे नाव कानी आले, तेव्हा काळजात चर्र झाले. १९५६ पर्यंत तो मुलूख आपल्याच हैदराबाद राज्यात होता. आपल्यापैकी कित्येकांची मूळ घरे औसा, उमरगा, निलंगा या भागांतली.

भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या हिशेबी मध्यमच. परंतु त्याचा उगम जमिनीखाली जेमतेम दहा किलोमीटरांच्या आसपास होता, त्यामुळे हादरा थेट घरांच्या पायाशी पोहोचला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १०,००० माणसे दगावली.

त्यांचा जीव घेतला तो मुख्यतः घरांनी. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर, असे हे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि पावसाळ्यापूर्वी नवी माती घालून राखलेले. या निगेनेच पिढ्यान्‌पिढ्या त्याचे ओझे वाढत गेले. भिंतीची आतली व बाहेरची बाजू सांधणारे आडवे दगड बहुधा नसत. हादऱ्यासरशी भिंती फुटल्या आणि छत निजलेल्यांवर कोसळले. ज्यांना वाडा लाभला नव्हता, त्यांच्यापैकी अनेकांना हलक्या छपरानेच वाचविले.

पूर्वसूचना मिळालीच नव्हती, असेही नाही. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते. मात्र सरकारी नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आम्ही उभी नोकरी अशाच कागदांच्या आधारे केली. त्या नकाशावर आम्हीही निःशंकपणे विसंबलो असतो, हे कबूल करताना आज संकोच वाटतो.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. रुंद रस्ते आले, सिमेंटची घरे आली. जुने बोळ, ओसऱ्या आणि वाड्यांचे चौक मात्र मागे राहिले. जेथे जुनी घरे टिकली, तेथे माळवदाची माती कमी करावी, भिंतींत जोडदगड बसवावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले.

आपल्या गावाकडचा वाडा अजून उभा असेल, तर या दिवाळीला गेल्यावर एकदा माळवदावर चढून तेथील मातीचा थर किती हात आहे, ते अवश्य पाहावे.