कसब
कसब (नपुं.) : हातांना दीर्घ सरावाने प्राप्त झालेले कौशल्य, तसेच त्या कौशल्यावर चालणारा चरितार्थाचा धंदा.

‘कमाई, संपादन’ या अर्थाचा अरबी ‘कस्ब’ शब्द फारसीच्या द्वारे मराठीत रूढ झाला. ‘कसबा’ (पहा : कसबा) हा शब्द दिसण्यास सदृश असला, तरी तो निराळ्या अरबी धातूपासून आलेला आहे. उपार्जनाची मूळ छटा ‘कसबीण’ या शब्दात हीन अर्थाने उरली, तर ‘कसबी कारागीर’ या प्रयोगात ती गौरवाची ठरली. इंग्रजी ‘स्किल’ या शब्दासाठी सरकारी दप्तरात ‘कौशल्य’ (पहा : कौशल्य) हा तत्सम शब्द स्थिरावला असला, तरी हातच्या कामासाठी ‘कसब’ हाच अधिक नेमका होय, कारण कौशल्य बुद्धीचेही असू शकते, कसब मात्र प्राधान्याने हाताचे.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत हा भेद प्रत्यक्ष दिसतो. भाताचे रोप तयार करण्यासाठी शेण, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून उन्हाळ्यात राब भाजताना (पहा : राब) जमीन पुरेशी तापावी पण आग बांधाबाहेर जाऊ नये, हे वारा पाहून ठरवावे लागते. बांबूच्या कामट्या काढताना कोयता पेरावर अडला, की जोर न वाढवता त्याचा कल बदलावा लागतो, अन्यथा कामटी एका बाजूस निमुळती होऊन वाया जाते. अशा सारख्या जाडीच्या कामट्यांची कणगी विणून, ती शेणाने सारवून वाळल्यावरच तीत भात भरतात.