धुराची वाट

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर निघालेली पहिली एस. टी. आमच्या शिरूरवरून गेली. रेल्वे मात्र गावाला आजतागायत शिवलेली नाही. ती पाहावयास आम्ही मुले दौंडला मामाकडे जात असू. १८७८ पासून मनमाडची गाडी तेथूनच सुटे. मामा इंजिनावर फायरमन होते.

यंदा वडिलांची जुनी फियाट ११०० नव्याने बांधावयास काढली. मिस्त्री म्हणाला, "सायलेन्सर दोन बसवू. आवाज काय निघेल!" चिरंजीव तर हुरळूनच गेले.

मला मामांचे इंजिन आठवले. त्यात कामावरून सुटलेली वाफ अरुंद तोंडातून धुराड्यात सोडीत. तिच्या झोताबरोबर धूर ओढला जाई, तशी भट्टीत ताजी हवा शिरे. चढावर इंजिन धापा टाकू लागले, की विस्तव अधिकच फुले! स्टीफन्सनच्या १८२९ च्या 'रॉकेट'मध्येही हीच युक्ती होती.

फियाटचे सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. म्हणून पहिल्या-चौथ्याची एक नळी, दुसऱ्या-तिसऱ्याची दुसरी, आणि पुढे दोहोंची मिळून एक, अशी मांडणी मी सांगितली. मग एकाचा फुत्कार दुसऱ्याच्या आड येत नाही. उलट जाता जाता त्याचा धूर ओढून नेतो. नळी उगाच रुंद केली, तर धुराचा वेग मंदावतो आणि ही ओढ जाते. एवढ्याशा इंजिनाला दोन सायलेन्सर हवेत कशाला?

मिस्त्री हिरमुसला, पण काम चोख केले. घोडनदीच्या पुलावर चिरंजीवांनी काच खाली करून कान दिला.

"बाबा, आवाज येतच नाही!"