हँडल, हात आणि ज्ञान

आज मोटरसायकलच्या हँडलाविषयी बोलू. तत्त्वज्ञानाच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. पण यंत्राची आणि माणसाच्या शरीराची गाठ हँडलावरच पडते, म्हणून आम्हाला त्याचा इतिहास महत्त्वाचा वाटतो.

१८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी पेट्रोल इंजिनाची पहिली दुचाकी बनवली. सांगाडा लाकडाचा, आणि कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं. आता गंमत पाहा. दुचाकी वळते ती कलूनच! त्याआधी पंधराएक वर्षं रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने सायकलबद्दल लिहून ठेवलं होतं, की डावीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे न्यावं लागतं. चाक खालून उजवीकडे सरकतं, वरचं शरीर डावीकडे कलतं, मग वळण मिळतं. आपण सगळे हेच करतो आणि कुणी विचारलं तर मान्य करत नाही. मायकेल पोलान्यी यांनी १९५८च्या 'पर्सनल नॉलेज'मध्ये सायकलस्वाराचं उदाहरण घेतलं ते याचसाठी. तोल सांभाळणाऱ्याला तोलाचा नियम सांगता येत नाही.

मग हँडल बदललं की काय होतं? फोर्कचा कोन तोच राहतो. बदलतात दोन गोष्टी, तरफ आणि वजन. रुंद हँडल म्हणजे लांब तरफ. जोर कमी लागतो, पण हात जास्त हलवावा लागतो. हँडल खाली आणि पुढे नेलं, की अंगाचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि वाऱ्यासमोर छाती कमी येते. उंच केलं, की पाठ ताठ राहते, पण अंगाचं शीड होतं.

वाऱ्याचा हिशेब किती मोठा, हे १९४८ साली अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर दिसलं. रोली फ्री हा स्वार व्हिन्सेंट गाडीवर चक्क पालथा झोपला, पाय मागे ताणलेले, अंगावर फक्त पोहण्याची चड्डी. वेग ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर.

पुढे लंडनच्या 'एस कॅफे'त जमणाऱ्या तरुणांनी ही ओणवी बैठक रस्त्यावर आणली. ताशी शंभर मैल गाठायचे, हा त्यांचा ध्यास. फोर्कच्या नळ्यांनाच आवळलेली दोन आखूड हँडलं, त्यांना 'क्लिप-ऑन' म्हणतात, आणि मागे सरकवलेले फूटरेस्ट. हे फूटरेस्ट विसरू नका. नुसतं हँडल खाली केलं तर माणूस घडी घातल्यासारखा दुमडतो. शिवाय वेगात वारा छातीला टेकू देतो. गर्दीत तो नसतो, आणि सगळा भार मनगटांवर येतो. २०१३ साली रॉयल एनफील्डने 'कॉन्टिनेंटल जीटी' आणली, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळांना हे मनगटांनीच शिकवलं!

आता आमची फजिती. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही जुनी मोटरसायकल घेतली आणि हौसेने उंच हँडल बसवून घेतलं. केबली मात्र जुन्याच ठेवल्या, कारण पैसे वाचवायचे होते. एका बोळात गाडी वळवताना हँडल पूर्ण फिरलं, ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेली आणि आम्ही मूठ न पिळताच इंजिन किंचाळलं. समोर ओट्यावर एक लहान मूल बसलं होतं. क्लच दाबला गेला, गाडी आडवी झाली, आमचं कोपर फुटलं. मूल हसत होतं. आम्हाला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हापासून आम्ही विद्यार्थ्यांना एकच सांगतो. हँडल बदला, पण गाडी उभी असतानाच ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. केबल ताणते का, मूठ टाकीला लागते का, पाहा. मग पहिले काही दिवस सावकाश चालवा. हात जे जाणतात ते जुन्या हँडलाचं असतं. नवं त्यांना पुन्हा शिकावं लागतं.