हरवलेल्या दृश्यांचे स्मरण : ‘डॉक्टर हू’ आणि तिचा प्रेक्षक

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी शनिवारी सायंकाळी बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकाल्पनिक मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित केला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती आणि लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते. म्हणून पुढील शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मगच दुसरा दाखवण्यात आला. त्या काळात असे पुनःप्रक्षेपण क्वचितच होई. नटसंघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या, चित्रफीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७८ पर्यंत ही पुसापुशी चालू राहिली. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रतीही नष्ट करण्यात आल्या. १९६३ ते १९६९ या काळात या मालिकेचे २५३ भाग झाले. २०१३ मधील शोधानंतर झालेल्या गणनेत त्यांपैकी ९७ भागांचे चित्र हाती नव्हते.

या मालिकेच्या चाहत्यांचा स्मरणव्यवहार अभ्यासताना ही वस्तुस्थिती प्रथम ध्यानात घ्यावी लागते. आवडते प्रसंग आणि आवडती पात्रे आठवणे हा एरवी रसिकांचा निरुपद्रवी छंद मानला जातो. येथे मात्र मूळ संहिताच अंशतः नष्ट झाली होती, आणि प्रेक्षकांना जे आठवत होते तेच बराच काळ तिचे एकमेव रूप होते. जॉन टुलॉक व मॅन्युएल अल्वाराडो यांच्या १९८३ च्या ग्रंथाने या मालिकेला ‘उलगडत जाणारी संहिता’ म्हटले. ती उलगडत होती हे खरेच. पण मागच्या बाजूने ती विरतही होती.

‘मार्को पोलो’ हे सात भागांचे कथानक या दृष्टीने उद्बोधक आहे. ते फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ या काळात प्रक्षेपित झाले. लेखक होते जॉन लुकारोटी, आणि सातपैकी सहा भागांचे दिग्दर्शन वारिस हुसेन यांचे होते. लखनौ येथे १९३८ मध्ये जन्मलेल्या हुसेन यांनीच या मालिकेचा पहिला भागही दिग्दर्शित केला होता. वयाच्या पंचविशीत, बीबीसीसारख्या संस्थेत, एका भारतीय वंशाच्या तरुणाच्या हाती ही धुरा आली, हा तपशील दूरचित्रवाणीच्या इतिहासात पुष्कळ काळ तळटीपेपुरताच राहिला. २०१३ मध्ये मालिकेच्या जन्मावर जो दूरचित्रवाणीपट निघाला, त्यात सशा धवन या नटाने हुसेन यांची भूमिका केली आणि मग कोठे हे नाव सर्वसामान्य प्रेक्षकाच्या परिचयाचे झाले.

‘मार्को पोलो’च्या सातही भागांचे चित्र नष्ट झाले आहे. तरीही चाहते त्यातील प्रसंग तपशीलवार सांगतात : पामीरच्या हिमात बंद पडलेले टार्डिस, नकाशावरून सरकत जाणारी प्रवासाची रेषा आणि तिच्या जोडीला मार्कोच्या रोजनिशीचे वाचन, कुबलाई खानाच्या दरबारात सांधेदुखीने कण्हणारे दोन म्हातारे. विल्यम हार्टनेल यांचा डॉक्टर आणि तो सम्राट एकमेकांच्या दुखण्यांची विचारपूस करतात आणि पुढे सोंगट्यांच्या खेळात बसतात. डॉक्टर डावामागून डाव जिंकतो आणि नेमका टार्डिसचा डाव हरतो. हा प्रसंग अनेकांचा लाडका आहे. पण १९६४ च्या वसंतात ज्यांनी तो पाहिला नाही, त्यांना तो कळला कसा?

त्याचे उत्तर तीन साधनांत आहे. पहिले साधन ध्वनीचे. काही मुलांनी आणि तरुणांनी घरच्या ध्वनिमुद्रण-यंत्रावर प्रक्षेपणाचा आवाज टिपून ठेवला होता. प्रसंग पुन्हा पाहता येणार नव्हता, निदान ऐकता तरी यावा, एवढाच त्यामागचा हेतू. या छंदामुळे चित्र हरवलेल्या सर्वच भागांचा ध्वनी आज उपलब्ध आहे. दुसरे साधन छायाचित्रांचे. जॉन क्यूरा हे व्यावसायिक छायाचित्रकार चालू प्रक्षेपणाच्या वेळी पडद्याचीच छायाचित्रे घेत आणि ती नट-दिग्दर्शकांना विकत. ‘मार्को पोलो’ची अशी छायाचित्रे पुढे हुसेन यांच्याच संग्रहातून उजेडात आली. तिसरे साधन कथानकांच्या कादंबऱ्यांचे. १९७३ पासून ‘टार्गेट’ प्रकाशनाने त्या सातत्याने काढल्या आणि टेरन्स डिक्स यांनी एकट्याने साठाहून अधिक लिहिल्या. घरोघरी ध्वनिचित्रफितीचे यंत्र येण्यापूर्वी एका पिढीने ही मालिका प्रामुख्याने वाचली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. त्यांच्या आठवणीतील कित्येक ‘दृश्ये’ ही वस्तुतः वाक्ये आहेत.

आवाज, स्थिरचित्र आणि गद्य यांतून हरवलेला भाग जुळवण्याचे चाहत्यांचे काम पाठचिकित्सेच्या फार जवळ जाते. मराठी अभ्यासकाला येथे इंद्रायणीत बुडवलेल्या आणि लोकांच्या मुखी राहिलेल्या गाथेची परंपरा आठवणे स्वाभाविक आहे. पण हे साम्य ताणू नये. तेथे शब्द तरले, कारण अभंग मुळात मुखासाठीच होता. येथे शब्द तरले आणि रूप बुडाले. कलाकृतीचा अर्धा भागच पाठ झालेला होता, आणि उरलेला अर्धा भाग स्मरणाने आपल्या मनाजोगा भरून घेतला.

हे मनाजोगे भरून घेणे किती दूर जाते, हे ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या १९६७ च्या कथेने दाखवले. चाहत्यांच्या वर्तुळात ती अत्युत्कृष्ट मानली जाई. १९९१ च्या अखेरीस तिचे चारही भाग हाँगकाँगला सापडले आणि १९९२ मध्ये ते ध्वनिचित्रफितीच्या रूपाने सर्वांसमोर आले. थडग्यातून सायबरमेन बाहेर पडतात ते दृश्य अपेक्षेइतकेच भेदक निघाले. मात्र टोबरमन हा जवळजवळ अबोल, बलदंड कृष्णवर्णी सेवक ज्या साचेबद्ध रीतीने रंगवला आहे, त्याची आठवण कोणी जागवली नव्हती. ‘मार्को पोलो’तही कुबलाई खान युरोपीय नटाने रंगवला होता. तो प्रसंग हसत सांगताना ही बाब सहसा वगळली जाते. चित्र हरवल्याने आठवण शुद्ध राहते, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. ती बहुधा सोयीची होते.

याच कथेत एक शांत प्रसंग आहे. वडील नुकतेच गमावलेल्या व्हिक्टोरियाला पॅट्रिक ट्राउटन यांचा डॉक्टर आपल्या कुटुंबीयांविषयी सांगतो : मनापासून हवे तेव्हा ते त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतात, एरवी ते मनात निजलेले असतात. चाहत्यांना हा प्रसंग इतका प्रिय का, याचे उत्तर बहुधा त्यांच्या स्वतःच्या व्यवहारात आहे.

सेन्सॉरची कथा तर विलक्षणच म्हणावी लागेल. ऑस्ट्रेलियात मुलांसाठी अतिभयानक ठरवून कापलेले तुकडे शासकीय दफ्तरात जपून राहिले आणि १९९६ मध्ये ते सापडले. पूर्ण भाग नष्ट झाले, आणि जे कोणी पाहू नये असे ठरले होते तेवढेच काही भागांतून उरले. सोफ्यामागे लपून ही मालिका पाहिल्याच्या आठवणी ब्रिटनमध्ये जवळजवळ म्हणीसारख्या रूढ आहेत. त्या भीतीचा पुरावा या कात्रणांनी पुरवला.

स्मरण करणारे पुढे निर्मातेही झाले. १९८९ मध्ये बंद पडलेली मालिका २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी पुन्हा उभी केली. ते बालपणापासूनचे चाहते. पीटर कपाल्डी या नटाचे मालिकेविषयीचे पत्र १९७४ मध्ये, ते किशोरवयात असताना, ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापून आले होते, २०१३ मध्ये तेच डॉक्टर म्हणून पडद्यावर आले. एलिझाबेथ स्लेडन यांची सारा जेन १९७६ मध्ये निरोप घेऊन गेली आणि २००६ मध्ये परतली. डॉक्टरने आपल्याला मागे का सोडले, हा तिचा प्रश्न तीस वर्षे प्रेक्षकच विचारत होते. चाहत्यांचे मत स्थिर असते असेही नव्हे. १९७६ ची ‘द डेडली अॅसॅसिन’ ही कथा त्यांच्या संघटनेने तेव्हा जोरदार झोडपली होती आणि नंतर तिला मालिकेतील महत्त्वाच्या कथांत स्थान मिळाले.

ऑक्टोबर २०१३ मध्ये नायजेरियातील जोस येथे नऊ हरवलेले भाग सापडल्याची घोषणा झाली. त्यांत ‘द वेब ऑफ फिअर’ या १९६८ च्या कथेचे बहुतेक भाग होते. लंडनच्या भुयारी रेल्वेत यती शिरतात ती ही कथा. तिसरा भाग तेवढा मिळाला नाही. निकोलस कोर्टनी यांच्या लेथब्रिज-स्ट्यूअर्टचे, चाहत्यांच्या अत्यंत जिव्हाळ्याच्या पात्राचे, मालिकेतील पहिले आगमन नेमके त्याच भागात आहे. कोर्टनी फेब्रुवारी २०११ मध्ये निवर्तले होते. त्या आगमनाचे चित्र नाही. कोणा घरात त्या शनिवारी चालू असलेल्या यंत्राने टिपलेला आवाज तेवढा आहे.