व्हिडिओ डीजे मिक्सिंग: फॉरमॅट आणि कॅप्चर कार्ड कसे निवडावे?

व्हिडिओ डीजे (व्हीजे) गाण्याच्या ठेक्यावर क्लिप मागे-पुढे करतो, मध्येच थांबवतो, उलटी चालवतो. त्यामुळे फाइल किती छोटी आहे यापेक्षा तिची प्रत्येक फ्रेम किती पटकन उघडते, हे महत्त्वाचे ठरते.

फॉरमॅट: मोबाइल आणि इंटरनेटवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एच.२६४ मध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेले असते. मधल्या फ्रेममध्ये प्रामुख्याने बदलांची नोंद असते. फाइल लहान होते, पण क्लिप उलटी चालवताना संगणकाला आधीच्या फ्रेम पुन्हा जुळवाव्या लागतात आणि चित्र अडखळू शकते. हॅप आणि डीएक्सव्ही या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. शिवाय बरेचसे काम ग्राफिक्स कार्ड करते. मात्र या फाइल बऱ्याच मोठ्या असतात, म्हणून वेगवान एसएसडी हवी.

कॅप्चर कार्ड: कॅमेऱ्याचे थेट चित्र मिक्समध्ये घेण्यासाठी हे कार्ड लागते. कॉम्प्रेस न केलेल्या १०८०पी, ६० फ्रेमच्या चित्राला सेकंदाला सुमारे २ गिगाबिट लागतात. यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट आहे. म्हणजे जुन्या पोर्टवर चित्र दाबून पाठवावे लागते. त्यात दर्जा घटतो आणि उशीरही वाढू शकतो.

केबल: कॅमेरा मंचापासून दूर असेल, तर एचडीएमआयपेक्षा एसडीआय केबल भरवशाची.

कार्यक्रमाआधी सर्व क्लिप एकाच फॉरमॅटमध्ये बदलून, दोन-तीन क्लिप एकत्र चालवून पाहाव्यात. अडखळणे तिथेच लक्षात येते.