‘निर्जीव’ वायू आणि सजीवांचे घटक : एका नामकरणाचा इतिहास

मानवी शरीराच्या वजनात ऑक्सिजन सुमारे ६५ टक्के, कार्बन १८, हायड्रोजन १० आणि नायट्रोजन ३ टक्के असतो. ह्या चौघांत नायट्रोजनचा वाटा सर्वांत अल्प. परंतु त्याच्यावाचून एकही प्रथिन घडत नाही. अशा ह्या द्रव्यास फ्रेंच भाषेत आजही ‘आझोत’ म्हणतात, आणि मूळ ग्रीक घटकांनुसार ह्या शब्दाचा अर्थ ‘जीवनरहित’ असा होतो.

१७७२ मध्ये एडिंबरो येथे डॅनियल रदरफर्ड ह्याने ह्या वायूचे वर्णन केले. ज्वलन व श्वसन ह्यांनी हवेचा उपयुक्त अंश संपल्यावर मागे उरणारा, दिवा विझविणारा आणि प्राण्यास गुदमरविणारा असा तो वायू होता. पुढे १७८७ मध्ये ग्वितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूर्क्रुआ ह्यांनी पॅरिस येथे रासायनिक नामकरणाची नवी पद्धती प्रसिद्ध केली. तीत ‘आझोत’ हे नाव आले. १७८९ च्या आपल्या ग्रंथात लाव्हाझिएने ह्या नावाचे केलेले समर्थन मुळातून वाचण्यासारखे आहे. हे द्रव्य अमोनियात आढळते म्हणून त्यास ‘अल्कजनक’ म्हणण्याचा विचार प्रथम झाला होता. नायट्रिक आम्लात आढळते म्हणून त्यावरूनही नाव देता आले असते. परंतु अशा नावांत सिद्धान्त गृहीत धरावा लागतो. ‘आझोत’ हे नाव केवळ एक अनुभवसिद्ध गुण सांगते, म्हणून त्यात चुकण्याचा धोका नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

वस्तुतः प्राणिज पदार्थांत हे द्रव्य असते, हे त्या चौघांपैकीच एकाने, बेर्तोलेने, त्याच सुमारास दाखविले होते. तेव्हा नाव अज्ञानातून आले असे म्हणता येत नाही. निरीक्षणही खोटे नव्हते. निव्वळ ह्या वायूत प्राणी जगत नाही, हे आजही खरेच. मात्र निव्वळ हायड्रोजनमध्ये तरी तो कोठे जगतो? जो गुण अनेकांचा, तो एकाचे नाव कसा व्हावा, ही हरकत शाप्ताल ह्याने १७९० मध्ये घेतली आणि ‘नित्रोजेन’ हे नाव पुढे केले. इंग्रजीने ते स्वीकारले; फ्रेंचने नाही. ‘ऑक्सिजन’ म्हणजे ‘आम्लजनक’. हे नाव तर उघडउघड सिद्धान्तावर उभे होते, आणि मीठाच्या आम्लात ऑक्सिजन नाही असे १८१० मध्ये डेव्हीने प्रतिपादिल्यावर तो सिद्धान्त ढासळला. नाव मात्र राहिले.

फ्रेंच शेतकरी ‘आझोत’युक्त खत घालून पीक वाढवितो आणि त्यास त्यात काही विसंगत वाटत नाही. कारण त्या शब्दातील ग्रीक घटक त्याच्या कानास मुके आहेत. मराठीतील ‘नत्र’ हा शब्दही तसाच निरुपद्रवी. ‘प्राणवायू’ची गोष्ट निराळी. ‘प्राण’ हा आपल्या भाषेत अजून जिवंत शब्द आहे. शिवाय योग व आयुर्वेद ह्यांच्या परंपरेत प्राण हा देहातील पाच वायूंपैकी एक. आधुनिक परिभाषेने ही जुनी संज्ञा एका मूलद्रव्यास दिली, आणि आता पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही जुन्या ग्रंथातील ‘प्राण’ वाचून, तेथे ऑक्सिजनचे ज्ञान होते असे निःशंकपणे लिहितो. त्याच ग्रंथात पुढे येणाऱ्या अपान, समान, उदान आणि व्यान ह्यांना कोणती मूलद्रव्ये समजावयाची, असे विचारले असता मात्र तो निरुत्तर होतो.