हिऱ्याचे दागिने : निवड आणि निगा

हिऱ्याचे दागिने म्हणजे सोने, प्लॅटिनम यांसारख्या धातूच्या कोंदणात हिरे जडवून घडवलेले अलंकार होत. अंगठी, कुड्या, नथ, मंगळसूत्राचे पदक हे त्यांचे महाराष्ट्रातील परिचित प्रकार आहेत. अशा दागिन्यात किंमत दोन भिन्न वस्तूंची मोजली जाते, धातूची आणि खड्याची. धातूची शुद्धता हॉलमार्कवरून कळते. खड्याविषयी हॉलमार्क काहीही सांगत नाही. हा भेद ध्यानात न आल्यामुळे ग्राहकांची फसगत होते.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हिरे

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत भारत हा जगाचा प्रमुख हिरे-पुरवठादार होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्यांच्या उत्पत्तिस्थानांमध्ये वेणा नदीच्या तीराचा उल्लेख आहे. काही अभ्यासकांच्या मते ही वेणा म्हणजे गोंदिया जिल्ह्यालगत वाहणारी वैनगंगा होय. याच खोऱ्यात, गोंदियाच्या दक्षिणेकडील गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यातील वैरागड आहे. तेथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या काळातील ऐन-इ-अकबरी या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आढळते. या खाणी पुढे बंद पडल्या. आज या परिसरात विकले जाणारे हिरे सुरत व मुंबईच्या बाजारांतून येतात.

पारख

खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही, ही समजूत फार जुनी आहे. संत तुकारामांच्या एका अभंगातही ही कसोटी दृष्टान्त म्हणून येते. दृष्टान्त म्हणून ती समर्पक असली, तरी प्रत्यक्षात तिने अस्सल हिऱ्याचाही चुरा होऊ शकतो. कठिनता आणि चिवटपणा हे निरनिराळे गुण आहेत. मोस मापप्रमाणात हिऱ्याची कठिनता १०, म्हणजे सर्वाधिक आहे. त्यामुळे त्यावर सहसा हिऱ्यानेच ओरखडा उठतो. मात्र स्फटिकाच्या चार दिशांना त्याचे पाटन होते, म्हणजे नेमका आघात बसल्यास तो सरळ दुभंगतो.

हिरा उष्णता अतिशय वेगाने वाहून नेतो. या गुणावर आधारलेले, पेनच्या आकाराचे उपकरण सराफ वापरतात. काच आणि झिर्कोनिया त्याने ओळखू येतात. मोइसनाइट (सिलिकॉन कार्बाइड) मात्र पुष्कळदा त्यातून हिरा म्हणून निसटतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर रासायनिक दृष्ट्या हिराच असतो. तो आणि खाणीतला हिरा यांतील फरक डोळ्यांना किंवा साध्या भिंगाला दिसत नाही. त्यासाठी प्रगत उपकरणेच लागतात.

निवड

हिऱ्याचे मोल वजन, रंग, निर्मळता आणि पैलूंची घडण या चार गोष्टींवर ठरते. वजनाचे एकक कॅरट असून १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. सोन्याच्या बाबतीतही ‘कॅरट’ हाच शब्द रूढ आहे, पण तेथे तो शुद्धता दाखवतो. १८ कॅरट सोन्यात ७५ टक्के शुद्ध सोने असते. हे सोने २२ कॅरटपेक्षा टणक असल्याने खडा घट्ट धरण्यासाठी अधिक वापरले जाते. रंगाची प्रतवारी ‘डी’ (पूर्ण रंगहीन) ते ‘झेड’ अशी असते. चारही गुणांत माणसाच्या कौशल्यावर सर्वाधिक अवलंबून असते ती घडण. चकाकी प्रामुख्याने तिच्यामुळेच येते, तरीही खरेदीच्या वेळी वजनाचीच चर्चा अधिक होते.

हॉलमार्कमध्ये भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क अनिवार्य असलेल्या दागिन्यांवर हा क्रमांक आवश्यक असून तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो. कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. खड्यासाठी जीआयए, आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळांचा अहवाल मागावा. अहवालाचा क्रमांक पुष्कळदा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो आणि संकेतस्थळावर तपासता येतो.

बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्यांचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हेही बिलात असावे. कारण दुसऱ्या प्रकाराची किंमत बरीच कमी असते आणि गेल्या काही वर्षांत ती सातत्याने घसरली आहे. दागिना मोडीत देताना सोन्याला त्या दिवसाच्या भावाचा आधार मिळतो. हिऱ्याला असा सर्वमान्य दर नसल्याने दुकानाच्या परत-खरेदीच्या अटी आधीच लेखी घेणे आवश्यक ठरते.

निगा

हिऱ्याला पाणी चिकटत नाही, पण तेल-चरबी चटकन चिकटते. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या खाणींत ग्रीस लावलेल्या उतरत्या पाटांवरून खडीमिश्रित पाणी सोडत. खडी वाहून जाई आणि हिरे ग्रीसला चिकटून राहत. याच गुणामुळे खोबरेल, उटणे, साबण व स्वयंपाकातील तेलकटपणा यांचा थर हातातल्या अंगठीवर बसतो आणि हिरा निस्तेज दिसू लागतो. कोमट पाणी, भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण आणि मऊ ब्रश एवढ्याने हा थर निघतो; खड्याची मागची बाजू विशेष घासावी. दागिना वाहत्या नळाखाली न धरता वाटीत धुणे सुरक्षित. टूथपेस्टने सोन्यावर ओरखडे पडतात. ब्लीचमधील क्लोरीन मिश्रधातूला अपाय करते. भेगा भरून सुधारलेल्या हिऱ्यांना उष्णता चालत नाही.

दागिने एकाच डबीत ठेवल्यास हिरा मोती, माणिक व सोने यांना खरवडतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा कप्पा किंवा कापडी पिशवी हवी. खडा धरणारे बारीक काटे वापराने झिजतात. दागिना कानाजवळ हलवल्यावर बारीक खळखळ ऐकू आल्यास तो सोनाराला दाखवावा. पोलकी दागिन्यांत खड्यामागे वर्ख व लाख असते. पाणी आत शिरल्यास वर्ख काळा पडतो, त्यामुळे ते केवळ कोरड्या मऊ कापडाने पुसले जातात.